काळ्यांनी गाव सोडलं तेव्हा

खेडं सोडा, हे बाबासाहेबांचं सांगणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आपली माणसं निघालीही. मुंबईच्या गिरणीत गेली, गोदीत गेली, नागपूर-पुण्याच्या झोपडपट्टीत शिरली. पण त्या सांगण्याचा दुसरा अर्धा भाग आपण सहसा बोलत नाही. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत दलितांची स्वतंत्र गावं वसवण्याचा ठराव झाला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोग मागितला, पडीक सरकारी जमीन त्याच्या ताब्यात द्या म्हटलं. म्हणजे गाव सोडायचं ते स्वतःच्या रानात जायला. आयोग काही झाला नाही. माणसं मात्र निघाली.

हे असं जाणं कुणी करून पाहिलंय का? पाहिलंय. ज्यांच्याकडून आपण १९७२ साली पँथर हे नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्यांच्या पणजोबा-पणजींनी.

गुलामगिरी मोडत आली होती तेव्हाची गोष्ट. जानेवारी १८६५. सव्हाना शहरात जनरल शर्मननं वीस काळ्या पुढाऱ्यांना बोलावलं. बहुतेक पाद्रीच. त्यांना विचारलं, तुम्ही तुमचं पोट कसं भरणार? सगळ्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझियर बोलला. सदुसष्ट वर्षांचा म्हातारा, स्वतःची आणि बायकोची किंमत मोजून सुटलेला. तो म्हणाला, जमीन द्या, आमचं आम्ही बघतो. चार दिवसांत हुकूम निघाला, किनाऱ्यालगतची जमीन, कुटुंबाला चाळीस एकरपर्यंत. चाळीसेक हजार माणसं तिथं राहायला गेली. एप्रिलात लिंकनचा खून झाला, जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि त्याच साली त्यानं जमीन जुन्या मालकांना परत केली.

मग उरलं काय? मालकाचंच शेत, मालकाचंच बी, पीक निम्म्या वाट्यानं. वर्षभर मालकाच्या दुकानातनं उधारीवर पीठ-मीठ, आणि कापूस निघाला की दुकानदार वही उघडणार. वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. दरसाल देणं शिल्लक. सालदारी ज्यांनी केलीय किंवा ज्यांच्या बापानं केलीय त्यांना हे जास्त फोडून सांगायला नको. १८७७ साली सरकारनं दक्षिणेचा कारभार पुन्हा गोऱ्यांवर सोडून लष्कराचा आधार काढून घेतला. मत मागणाऱ्याला रात्री घरातनं ओढून मारायला मोकळं रान झालं.

इथं दोन माणसं ध्यानात ठेवा. एक बेंजामिन सिंगलटन, लोक त्याला ‘पॅप’ म्हणजे बाप म्हणत. टेनेसीतला सुतार, पळून सुटलेला गुलाम, शवपेट्या करायचा. आधी त्यानं आपल्याच मुलखात आपल्या लोकांसाठी जमीन विकत घ्यायचा खटाटोप केला. मालकांनी परवडणार नाही असा भाव सांगितला. मग तो कॅन्ससकडं वळला. दुसरा लुइझियानाचा हेन्री अॅडम्स, आधी गुलाम, मग शिपाई. त्यानं आपल्यासारख्याच मजुरांची एक समिती केली. तिची माणसं स्वखर्चानं जिल्ह्याजिल्ह्यात जायची, लोकांबरोबर शेतात राबायची आणि विचारून घ्यायची की हिशोब कसा होतो, मारहाण किती, मजुरी मिळते का. पुढारपण करणाऱ्यांना समितीत घ्यायचं नाही हा नियम. अठ्ठ्याण्णव हजार लोकांनी जायला नावं दिली, असं त्यानं १८८० साली सेनेटच्या समितीपुढं सांगितलं. आकडा थोडाफार इकडं-तिकडं धरला तरी कामाची रीत बघा. आपल्यातल्या सर्व्हे करणाऱ्यांनी तर जरूर बघा.

कॅन्ससच का? १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं तिथं एकशेसाठ एकर मिळायचं. थोडी फी भरायची, पाच वर्षं राहून कसायचं, मग पक्का कागद.

१८७७ त केंटकीहून निघालेल्यांनी निकोडेमस नावाचं गाव वसवलं. जाहिरातीत ते छान शहर होतं. दुसऱ्या साली विलियाना हिकमन ही बाई पोराबाळांसह तिथं गेली. शेवटची दोन दिवसांची वाट गाडीनं, रस्ता नाही, होकायंत्र बघत. माणसं ओरडली, आलं निकोडेमस! तिला काहीच दिसेना. नवऱ्यानं बोट दाखवलं. जमिनीतनं जागोजाग धूर निघत होता. लाकूड नसल्यामुळं माणसं जमीन पोखरून बिळात राहत होती. ती रडायला लागली, असं तिनंच पुढं सांगितलंय.

साठेक कुटुंबं आली तशी परत फिरली. राहिले त्यांच्याकडं औत नाही, जनावर नाही. कुदळ-फावड्यानं माती उलथली. पहिला हिवाळा निघाला तो शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी मांस दिलं म्हणून. आणि ही जमीन मुळात ‘रिकामी’ नव्हती. कॉ, पॉनी, ओसेज अशा आदिवासींना हटवून सरकारनं ती रिकामी केली होती. आपण पडीक जमीन मागतो तेव्हा कागदावर पडीक लिहिलेलं रान आधी कुणाचं होतं, हे विचारायची जबाबदारी आपल्यावरही येते.

१८७९ च्या वसंतात मात्र बांध फुटला. मिसिसिपी आणि लुइझियानातनं हजारो माणसं बोचकी घेऊन नदीकाठी आली. फुकट जमीन, फुकट प्रवास अशा वावड्या उठल्या होत्या. मळेवाल्यांनी दम दिला, कित्येक आगबोटी काठाला लागेनात. तरी माणसं सेंट लुइसला पोचली आणि तिथल्या काळ्या वस्तीनं त्यांना खाऊ घातलं. फ्रेडरिक डग्लस, एवढा मोठा माणूस, जाण्याच्या विरोधात होता. सरकारनं आहे तिथंच संरक्षण द्यावं, पळण्यानं हक्क सुटतो, असं त्याचं म्हणणं. हा मुद्दा टाकाऊ नाही, आपल्यातही तो होतो. पण संरक्षण द्यायला कुणी उरलं नव्हतं, हे काठावरच्या माणसाला डग्लसपेक्षा नीट माहीत होतं.

कॅन्ससात १८७० साली सतराएक हजार काळे होते, १८८० साली त्रेचाळीस हजार. पण सगळ्यांना जमीन मिळाली का? नाही. आधी टोळीनं, थोडे पैसे गाठीला बांधून आले त्यांच्यातले बरेच शेतकरी झाले. १८७९ त रिकाम्या हातानं आले त्यांतले बहुतेक टोपेकासारख्या शहरात मजूर झाले. कायद्यानं जमीन फुकट होती. बैल, नांगर, बी आणि पहिल्या सालाचं पोट फुकट नव्हतं.

आता आपल्याकडचं. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो माणसं उतरली, तुरुंग भरले. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानं फोडली, दगड वेचले, ज्वारी काढली, उभ्या पिकात जनावरं घातली गेली तीही सोसली. निकोडेमसवाल्याला पाच वर्षं कसल्यावर कागद मिळाला. इथं १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तारीख कुणाच्या जयंतीची निवडली बघा. आणि आजही कितीतरी घरांत दंडाच्या पावत्या जपून ठेवल्यात, कारण त्या रानावर आपण होतो याचा तेवढाच पुरावा. सातबाऱ्यावर नाव नाही.