फीत, पाते आणि सूर : आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतामागील हात



‘इलेक्ट्रॉनिक संगीत’ हे शब्द कानी पडले की बहुतेकांच्या मनात एकच चित्र उभे राहते : कळ दाबली, यंत्र वाजले, माणसाला कष्ट असे पडलेच नाहीत. पहाटेचा खर्ज आणि वर्षानुवर्षांचे पलटे यांनाच साधना मानणाऱ्या आपल्या परंपरेला या संगीताविषयी म्हणूनच थोडी अढी वाटत आली आहे. आजच्या यंत्रांविषयी ती कितपत रास्त आहे, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. या संगीताच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांविषयी मात्र ती साफ गैरसमजावर उभी आहे. त्या काळात हे संगीत अक्षरशः हाताने घडवले जात होते. आणि ज्यांनी ते घडवले त्यांतील अनेकांची नावे संस्थांच्या नावाखाली झाकली गेली. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

आरंभ झाला तो रेडिओ केंद्रांत. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून, ते जुळवून पहिली रचना प्रसारित केली. जर्मनीत १९३०च्या दशकात विकसित झालेली चुंबकीय फीत युद्धानंतर सर्वत्र पोहोचली आणि या कामाचे स्वरूप पालटले. तबकडी कापता येत नाही. फीत कापता येते. कोलोनच्या रेडिओ केंद्रात कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या तरुण संगीतकाराने १९५४ साली जेमतेम तीन मिनिटांची एक रचना केली. तिच्यासाठी त्याने नेहमीचे सप्तक सोडून ८१ कंपनसंख्यांची स्वतःची स्वरमालिका बांधली. प्रत्येक नादासाठी पाच शुद्ध स्वर घ्यायचे, त्यांचे फितीचे तुकडे एकापुढे एक चिकटवायचे, टोकाला टोक जोडून वेटोळे करायचे, ते घुमणाऱ्या खोलीत वाजवायचे आणि उमटलेला घुमारा तेवढा नव्या फितीवर घ्यायचा. असे १९३ मिश्र नाद तयार झाले. तीन मिनिटांच्या संगीतासाठी किती दिवसांची बैठक लागली असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

या कामाचे गणित समजावून घेण्यासारखे आहे. स्टुडिओतील फीत सेकंदाला पंधरा इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असे. त्यामुळे काळ हा लांबीत मोजता येऊ लागला. अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे १९ सेंटिमीटर फीत. विरामही असाच मोजायचा : तेवढ्या लांबीची कोरी फीत मध्ये जोडायची. मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, पात्याने तिरका छेद द्यायचा (सरळ छेद दिला तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो) आणि मागून चिकटपट्टी लावायची. स्वराची उंचीही फितीच्या वेगावर अवलंबून असे. वेग दुप्पट केला की स्वर वरच्या सप्तकात जातो. एक अर्धस्वर चढवायचा तर वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढवावा लागतो. कान, फूटपट्टी आणि लॉगॅरिथमची कोष्टके ही या संगीतकारांची तीन हत्यारे होती.

लंडनमध्ये बीबीसीने १९५८ साली मेडा व्हेल येथे ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ सुरू केले. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत डॅफ्नी ओरम या ध्वनितंत्रज्ञ अग्रभागी होत्या. वर्षभरातच त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. याच वर्कशॉपमध्ये १९६२ साली डेलिया डर्बिशायर आल्या. १९३७ साली कॉव्हेंट्री येथे जन्मलेल्या डेलियाबाईंनी केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत यांचे शिक्षण घेतले होते. पदवीनंतर डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडे काम मागितले असता, ध्वनिमुद्रण कक्षात आम्ही स्त्रियांना घेत नाही, असे उत्तर मिळाल्याचे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

१९६३ साली ‘डॉक्टर हू’ या नव्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी रॉन ग्रेनर या संगीतकाराने शीर्षकधून लिहून दिली. काही ठिकाणी तर स्वरांऐवजी वारा, ढग असे केवळ वर्णनाचे शब्द होते. त्या कागदातून ऐकू येणारे संगीत निर्माण केले ते डेलियाबाईंनी आणि त्यांचे सहायक डिक मिल्स यांनी. खालच्या पट्टीत सतत धावणारी चाल ही ताणलेल्या एकाच तारेची छेड होय. ती मुद्रित करून, वेग कमी-जास्त करून एकेक स्वर मिळवला आणि तुकडा तुकडा जोडून चाल बांधली. वर तरंगणारी मुख्य धून चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑसिलेटरांतून काढली. अनेक पट्ट्यांचे मुद्रण करणारे यंत्र तेथे नव्हते. म्हणून वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरांवर वेगवेगळ्या फिती चढवून, सर्व एकाच क्षणी सुरू करून मिश्रण करावे लागे. एकदा मिश्रणात एक स्वर चुकत असल्याचे आढळले. मिल्स यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार सर्व फिती मेडा व्हेलच्या लांबलचक वऱ्हांड्यात शेजारी शेजारी उलगडून ठेवल्या गेल्या. सांधे ताडून पाहता पाहता एके ठिकाणी सांधा सरकलेला दिसला. चूक कानाने पकडली आणि डोळ्यांनी शोधली!

त्यांचा आवडता आवाज होता एका साध्या हिरव्या पत्र्याच्या दिव्याच्या शेडचा. शेडवर टोला मारायचा, मुद्रणातून टोल्याचा आरंभ कापून टाकायचा आणि मागे उरणारा घुमारा तेवढा घ्यायचा. तंबोरा लावताना षड्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकणाऱ्या कानांना हे नवे वाटणार नाही. नादाच्या पोटात दुसरे नाद असतात हे आपण जाणतो. डेलियाबाईंनी ते नाद हाताने वेगळे काढले.

ती धून ऐकून ग्रेनर चकित झाले आणि डेलियाबाईंना सहरचनाकार म्हणून श्रेय मिळावे असा प्रयत्न त्यांनी केला. परंतु वर्कशॉपमधील कर्मचारी नामनिर्देशाविना काम करतात, असा दंडक होता. पडद्यावर ग्रेनर यांचे नाव आले, वर्कशॉपचे नाव आले. डेलियाबाईंचे नाव त्या मालिकेच्या पडद्यावर उमटले ते २०१३ साली, मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी भागात. त्यांचे निधन २००१ साली झाले होते. त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ फिती सापडल्या. त्या पुढे मँचेस्टर विद्यापीठाकडे गेल्या आणि तेथे त्यांचे संगणकीय जतन झाले.

असाच एक ठेवा आपल्या बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. या उपक्रमामागे गीता साराभाई होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून देणाऱ्या त्या याच. येथे कापण्या-चिकटवण्याचे श्रम कमी झाले तरी हातकाम संपले नव्हते. वायरी खोचून आणि खुंट्या फिरवून एकेक नाद जुळवावा लागे. यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. वायरी काढल्या की नाद गेला, उरली ती फीत. गीताबेनसह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्या फिती अनेक दशके संस्थेतच पडून राहिल्या. २०१७ साली पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. तोवर आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात हे पान जवळजवळ कोरेच होते.

या दोन्ही कथांतून एकच बोध निघतो. कष्ट करणारा हात फितीवर उमटत नाही. तो कुणीतरी लिहून ठेवावा लागतो. लंडनमध्ये नाव लिहायला पन्नास वर्षे लागली, अहमदाबादमध्ये फिती ऐकायलाच तेवढा काळ गेला. यंत्रे दोन्हीकडे होती, संस्था नामांकित होत्या. नोंद मात्र उशिरा झाली.

स्मृती-व्याख्यानाचे प्रयोजन तरी दुसरे काय असते? शिक्षकाचे काम विद्यार्थ्यांच्या नावावर जमा होते आणि शाळा वर्षातून एकदा ते मूळ खात्यावर लिहून घेते. माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या गायनाच्या, नाटकांच्या, स्नेहसंमेलनांच्या फिती असतील. दमट हवेत फितीवरचा लेप चिकट होतो, सुटू लागतो. एकदा तो गेला की आवाज परत येत नाही. त्या फिती वेळीच उतरवून घ्याव्यात. आणि डब्यावर तारीख लिहिताना गाणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहावी : मुद्रण कोणी केले.