बैठक आणि सोफा

“या, बसा,” हे दोन शब्द मराठी घरात पाण्याच्या तांब्याच्याही आधी पाहुण्यापुढे येतात. परंतु कशावर बसा, हे या शब्दांत सांगितलेले नसते. पाहुणा कोण, तो कोठून आला, त्याचे पाय धुळीने माखले आहेत किंवा नाहीत, हे पाहून घर ते मनातल्या मनात ठरवीत असते. म्हणून घरातील आसनाचा इतिहास हा केवळ लाकडाचा आणि कापडाचा इतिहास नव्हे. घराने कोणाला जवळ बसविले आणि कोणाला दूर ठेवले, याचाही तो इतिहास होय. बारा माणसांचा राबता असलेल्या घरात आज सोफा निवडावयाचा झाला, तर या इतिहासातील चार गोष्टी, आणि त्यांतही वर्धा जिल्ह्यातील काही गोष्टी, लक्षात घेण्याजोग्या आहेत.

मराठीत ‘बैठक’ हा एकच शब्द किती कामे करतो, हे पाहण्यासारखे आहे. बसावयाची जागा ती बैठक, चार माणसांनी विचार करण्यासाठी जमावयाचे तीही बैठक, गवयाची मैफल बैठकच, आणि विद्यार्थ्याच्या अंगी जी चिकाटी लागते, तिलाही बैठकच म्हणतात. जुन्या वाड्यात ही बैठक भुईवर असे. खाली जाजम किंवा सतरंजी, तीवर गादी, गादीवर पांढरी शुभ्र चादर, पाठीशी लोड आणि हातांशी तक्के, अशी ती रचना होती. विदर्भातील घरांत तिच्या जोडीला सागवानी बंगई टांगलेली असे. बंगईच्या फळीला ना कापड, ना भरण. ओल्या फडक्याने पुसली की झाले. कित्येक घरांत एकाच बंगईवर आजा, मुलगा आणि नातू असे तिघेही लहानाचे मोठे झाले.

या बैठकीचा मोठा गुण असा की ती थराथरांची होती आणि प्रत्येक थर निराळा काढता येत असे. चादर मळली, ती धुण्यास टाकली. लोडाचा अभ्रा तेलकट झाला, तो उतरवून उकळत्या पाण्यात घातला. सतरंजी अंगणात झटकली, गादी उन्हात टाकली. गादीतील कापूस दबून त्याचे गोळे झाले, तर पिंजारी दारात येई, खोळ उसवून कापूस पिंजून काढी आणि तोच कापूस पुन्हा भरून देई. वर्धा जिल्ह्याला तर कापसाची उणीव कधीच नव्हती. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात आपल्या नावाने बाजारात ओळखला जात होता, आणि १८८१ साली त्या गावी कापडाची गिरणीही निघाली. बैठकीचे सारे साहित्य असे दोनचार कोसांच्या आत पिकत होते आणि तिची दुरुस्तीही तेथेच होत होती.

तथापि जुने ते सर्वच सोने होते, असे मानण्याचे कारण नाही. पाणी भरलेली सतरंजी पिळणे आणि भरलेली गादी गच्चीवर नेणे, हे काम पुरुष क्वचितच करीत. ते घरातील बायकांच्या पाठीवर पडे. बाजेच्या सांध्यांत ढेकूण होत आणि त्यांवर कढत पाणी ओतण्यात अनेकांच्या उन्हाळ्याच्या दुपारी जात. याहून मोठा दोष निराळाच होता. गादी घरच्या धन्याची आणि तोलामोलाच्या माणसाची. कुळाला सतरंजीची कड. मजुराला ओसरीची पायरी. आणि ज्याला समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्याला अंगणाच्याही बाहेर उभे राहावे लागे. बैठक धुता येत होती, परंतु तिच्यावरील हा डाग धुण्याचा विचार फार थोड्यांच्या मनात आला.

खुर्ची या भागात आली ती सरकारी कचेरी, शाळा आणि रेल्वे यांच्या वाटेने. नागपूरचे राज्य १८५३ साली भोसल्यांचा वंश खुंटल्याचे निमित्त करून खालसा करण्यात आले. १८६२ साली वर्धा हा निराळा जिल्हा झाला, १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली, आणि १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. स्टेशनावरील विश्रामगृहात वेताची आरामखुर्ची, कचेरीत साहेबाची खुर्ची, शाळेत मास्तरांची खुर्ची, अशी ती लोकांच्या नजरेसमोर येत गेली. चांद्याच्या जंगलातील उत्तम सागवान जवळ असल्यामुळे गावच्या सुतारांनाही ती घडविणे कठीण गेले नाही.

खुर्चीच्या मागोमाग सोफा आला. गंमत अशी की ‘सोफा’ हा शब्द मुळात पूर्वेकडचाच आहे. अरबीतील ‘सुफ्फा’ म्हणजे गालिचा व गिरद्या घातलेला ओटा. हा शब्द तुर्कांकडून युरोपात गेला, आणि तेथून पाय, पाठ आणि हात फुटून पुन्हा आशियात आला. ‘दिवाण’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. अर्थात सोफा म्हणजे देशांतर करून परत आलेली बैठकच म्हणावयाची. परंतु या प्रवासात तिने आपला एक मोठा गुण गमावला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारागिरांनी आसनात लोखंडी कमाना बसविल्या, त्यांवर घोड्याचे केस व काथ्या यांचे भरण घातले, आणि वरून कापड ताणून चुकांनी कायमचे ठोकून टाकले. आसन मऊ झाले खरे, पण ते उघडता येईना. जे उघडता येत नाही ते धुता येत नाही, आणि जे धुता येत नाही त्यात धूळ, घाम आणि तेल साचत जाते.

याचा अनुभव इंग्लंडातही आला. तेथील पुरुष केसांना मकास्सर नावाचे तेल चोपडीत आणि त्याचे डाग खुर्च्यांच्या पाठींवर पडत. म्हणून गृहिणींनी पाठीवर धुता येईल असा कापडाचा निराळा तुकडा टाकण्यास सुरुवात केली, आणि त्या तुकड्याला ‘अँटिमकास्सर’, म्हणजे मकास्सर तेलाचा निवारक, असे नावच पडले. खोबरेल आणि तिळेल यांनी डोकी माखणाऱ्या मराठी घरांनी ही युक्ती तत्काळ उचलली. क्रोशाने विणलेले जे पांढरे रुमाल दिवाणखान्यातील कोचांच्या पाठींवर दिसत, ते केवळ शोभेकरिता नव्हते. उघडता न येणाऱ्या आसनाला लावलेले ते ठिगळ होते.

ज्यांच्या घरी असा कोच आला, त्यांच्या घरी एक नवा पहारा सुरू झाला. मुलांनी त्यावर चढू नये, शेतावरून आलेल्या माणसाने त्यावर टेकू नये, गड्याने तर त्याकडे पाहूही नये. मोठ्या पाहुण्याकरिता कोच जपला जाई आणि घरची माणसे भुईवर बसत. जुन्या गादीवरचा मानपान अशा रीतीने नव्या आसनावर चढून बसला. या वेळी त्याला कारण मात्र ‘डाग पडेल’ असे देण्यात येऊ लागले.

याच वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचे एक निराळे उत्तर १९३६ साली पाहावयास मिळाले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या लहानशा खेड्यात आले. या गावाचे पुढे १९४० साली सेवाग्राम असे नामकरण झाले. घर बांधावयाचे ते गावच्या मातीने, गावच्या लाकडाने आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडावर जे पहिले घर उभे राहिले, ते आदि निवास. या एकाच दालनात गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल आणि येणारे-जाणारे पाहुणे दाटीवाटीने राहत. खान अब्दुल गफार खान तेथे राहिले. तुकडोजी महाराजही १९३६ सालीच तेथे येऊन राहिले. वर्दळीचे घर म्हणतात ते याहून निराळे काय असणार! पुढे मीराबेननी स्वतःकरिता बांधलेल्या झोपडीत गांधीजी राहावयास गेले, आणि तीच बापू कुटी होय. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, भुईवर चटया आणि बसून लिहिण्याचे ठेंगणे मेज, हे तेथील सामान आजही पाहावयास मिळते.

या घरात जपून ठेवण्याजोगे आसनच नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चटई झटकली, भुई सारवली, की बैठक पुन्हा पहिल्यासारखी झाली. १९३८ साली इंग्लंडचे लॉर्ड लोथियन शेगावला येऊन राहिले, तेही या मातीच्या घरांतच. १९३९ साली संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले. त्यांना महारोग झाला होता, आणि त्या काळी अशा रोग्याला सख्खे नातेवाईकही दाराशी उभे करीत नसत. आश्रमात त्यांच्याकरिता कुटी झाली, आणि स्वतः गांधीजी त्यांना मालिश करीत. धैर्य आणि करुणा हे याचे मूळ होते, यात शंका नाही. परंतु जे घर पाण्याने, उन्हाने आणि शेणमातीने रोज नवे करता येते, त्या घराला माणसाचे भय कमी वाटते, हेही तितकेच खरे आहे.

वर्ध्यातील जमनालाल बजाज यांची बजाजवाडी हे असेच दुसरे राबत्याचे घर. देशातील पुढारी वर्ध्यास आले की त्यांचा मुक्काम बहुधा तेथे असे. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यास भरली आणि इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा, असा ठराव १४ जुलै रोजी तिने केला. कार्यकारिणीच्या त्या काळातील बैठकांची जी छायाचित्रे आढळतात, त्यांत पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या आणि लोड दिसतात. ‘बैठक’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र आलेले आहेत.

टिकाऊपणाचा विचारही याच गावात झाला. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच स्थायी अर्थव्यवस्थेचा उल्लेख आहे. वस्तू कोठून येते, ती किती काळ चालते आणि मोडल्यावर तिचे काय होते, हे प्रश्न त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी होते. वर्ध्याजवळील नालवाडीस विनोबांच्या सहवासातील गोपाळराव वाळुंजकर यांनी मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे चर्मालय चालविले. ज्या कामाला समाज अशुद्ध म्हणत होता, त्यातून पुसता येणारे आणि पुष्कळ वर्षे टिकणारे कातडे निघत होते.

यानंतरच्या काळात आसनाची साधने झपाट्याने बदलली. कातड्याऐवजी इंग्लंडहून रेक्झीन आले. ते पुसावयास सोपे, पण वर्ध्याच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की ते अंगाला चिकटते आणि काही वर्षांत त्याला भेगा पडतात. जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली पॉलियुरेथेनचा शोध लावला आणि १९५० नंतर त्यापासून केलेला मऊ फोम सर्वत्र पसरला. फोम हलका असतो, परंतु त्याला कापसाप्रमाणे ऊन मानवत नाही. उन्हाने तो पिवळा पडून त्याचा चुरा होतो. कापडाच्या झिजेची परीक्षा घेण्याचे यंत्र मार्टिनडेल यांनी इंग्लंडात १९४२ साली तयार केले. कापड किती घासण्या सोसते, हे त्यावरून आकड्यात सांगता येते, आणि वर्दळीच्या घराकरिता २५,००० किंवा त्याहून अधिक घासण्या सोसणारे कापड घ्यावे, असे सामान्यतः मानतात.

आता ज्याला सोफा निवडावयाचा आहे, त्याने काय करावे? भुईवर बसणे सर्वांना साधत नाही. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे उंच आसन मागतात आणि ती मागणी रास्त आहे. तेव्हा सोफा अवश्य घ्यावा, परंतु त्यात जुन्या बैठकीचा गुण पाहून घ्यावा. सांगाडा सागवानी असावा आणि त्याचे सांधे केवळ खिळ्यांवर नव्हे, तर लाकडात लाकूड बसवून केलेले असावेत. पुढचा एक पाय वीतभर उचलून पाहावा. शेजारचा पाय लगेच त्याच्या मागोमाग उठला तर सांगाडा ताठ आहे असे समजावे. गाद्या सुट्या व उलटता येणाऱ्या असाव्यात, म्हणजे झीज दोन्ही बाजूंना वाटली जाते. फोम घ्यावयाचा तर त्याची घनता विचारावी. घनमीटरला ३२ किलोहून कमी असलेला फोम लवकर बसतो. खोळी काढता येणाऱ्या असाव्यात आणि त्यांचे दोन जोड करावेत, म्हणजे एक धुण्यात असता दुसरा अंगावर राहतो. सुती कापड शिवण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात खोळ आटते आणि गादीवर चढत नाही. सोफ्याखालून केरसुणी फिरेल इतकी पायांना उंची असावी. आणि खोळी उतरविण्याचे व चढविण्याचे काम घरातील एकट्या बाईवर पडू नये. जे बसतात, त्या सर्वांनी ते करावे.

या साऱ्या अटींचे सार एकच आहे. आसन उघडता यावे, धुता यावे आणि गावातच दुरुस्त करता यावे. याचा लाभ पैशाचा आहे, तसाच तो मनाचाही आहे. ज्या घराला डागाचे भय आहे, ते घर माणूस दारात दिसताच आधी त्याच्या पायांकडे पाहते. ज्याला ते भय नाही, ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. पावसाळ्यात काळ्या मातीने माखलेल्या पायांनी शेतावरून आलेला माणूस, हातात लाडू घेऊन धावत आलेले नातवंड, भांडी घासून थकलेली बाई, यांतील प्रत्येकाला निःशंकपणे “बसा” म्हणता येईल, तोच सोफा वर्दळीच्या घराला शोभणारा होय.