ओठावरचा जर आणि जामखेडच्या बायका



ताप उतरता उतरता ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका येतो. आपण म्हणतो, जर फुटला. आता ताप गेला, असं म्हणून आज्या निश्चिंत व्हायच्या. ताप आणि फोड यांचा संबंध त्यांनी बरोबर ओळखला होता. हर्पिसचा विषाणू बहुधा लहानपणीच कुणाच्या तरी मुक्यातून आपल्या अंगात येतो आणि चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी दडून बसतो. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, असं काही निमित्त झालं की पुन्हा ओठावर येतो. जगात पन्नाशीच्या आतल्या दर तिघांपैकी साधारण दोघांच्या अंगात तो असतो, मग लाजायचं कशाला?

तरी फोड दिसला की कोप आठवतो. त्याला कारणही तसंच होतं. ज्या रोगानं घरंच्या घरं रिकामी केली, त्याचं नावच देवी. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही, पण ती धास्ती मागं राहिली.

त्याच काळात आपल्या जिल्ह्यात, जामखेडला, वेगळं काही घडत होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं. गावोगावच्या लोकांनी आपल्यातलीच एकेक बाई निवडून दिली. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित घरांतल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन करायच्या: बाळंतपण, मुलांची वजनं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी. कुष्ठरोग्यालाही गावाबाहेर न काढता औषध मिळू लागलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला मात्र मोठी वाटते ती या बायकांची रीत. रोग कुणाच्या पापानं आला हे विचारत बसण्यापेक्षा तो कसा पसरतो, हे त्या शिकल्या.

जराला खरं औषध मिळालं तेही याच सुमारास. अमेरिकेतल्या गर्ट्रूड एलियन रसायनशास्त्र शिकल्या, पण बाई म्हणून प्रयोगशाळांनी त्यांना नोकरी नाकारली होती. पुढं त्यांच्या गटानं असायक्लोव्हिर आणलं. १९८८ साली एलियन यांना नोबेल मिळालं.

ओठ चुरचुरायला लागताच हे मलम दिवसातून पाच वेळा लावलं, तर फोड थोडा लवकर सुकतो. एरवीही तो आठ-दहा दिवसांत बरा होतो. खपली काढू नका. ओठ फुटू नये म्हणून साधं व्हॅसलीन चालतं. दुकानदारानं दिलेलं कुठलंही खाजेचं मलम मात्र नको, त्यातल्या काहींनी फोड चिघळतो.

फोड ओला असताना तो सगळ्यात जास्त पसरतो. तांब्या, टॉवेल वेगळा ठेवा. आणि मिश्रीची डबी! तोंडातलं बोट पुन्हा डबीत, आणि डबी शेजारणीकडे. मिश्री सुटली तर उत्तमच, पण तोवर डबी तरी आपापली असू द्या. फोडाचा हात डोळ्याला लागून डोळा लाल झाला, दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सगळ्यात जपायचं ते महिन्याच्या आतल्या बाळाला. त्याला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. पाचवीला, बारशाला आलेल्या आत्या-मावशीच्या ओठावर जर असेल, तर मुका नको, तिनं लांबूनच ओवाळावं. बाळ दूध ओढेना, सुस्त झालं, तापलं किंवा गार पडलं, तर दवाखाना गाठा. आईलाच जर फुटला असेल तर बाळाला तिच्यापासून तोडू नका. छातीवर फोड नसेल तर तिनं साबणानं हात धुवावेत, तोंडाला पदर बांधावा आणि पाजावं.