रिकामा रकाना : हेन्री रिबेलो आणि ऑगस्ट १९४८

आमच्या मंडळात १९४८ साल निघालं की चर्चा ठरलेल्या वाटेनं जाते. जैसे थे करार, रझाकार, १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई, १७ सप्टेंबरची शरणागती. ते साहजिकच आहे. पण त्याच उन्हाळ्यात लंडनला ऑलिंपिक भरलं होतं. २९ जुलैला वेंब्लीच्या मैदानात स्वतंत्र भारताचं पथक प्रथमच तिरंग्यामागून चाललं, तेव्हा आपलं आबिड्स त्या भारतात नव्हतं. इथे निजामाचं राज्य होतं, बाजारात हाली सिक्का चालत होता. त्या पथकातल्या एका खेळाडूबद्दल हे टिपण आहे.

हेन्री रिबेलो यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९२८ चा, लखनौचा. पुढे ते बंगळूरचे झाले. खेळ तिहेरी उडीचा, आमच्या शाळेत ज्याला 'हॉप-स्टेप-जंप' म्हणायचे तो. लंडनला गेले तेव्हा वय १९. त्याच वर्षी त्यांनी ५० फूट २ इंच, म्हणजे १५.२९ मीटर उडी मारली होती. ऑलिंपिक पदकाच्या दावेदारांत त्यांचं नाव धरलं जात होतं.

या खेळाचं यंत्रशास्त्र थोडं सांगतो, कारण पुढची हकीकत त्याशिवाय कळणार नाही. खेळाडू धावत येतो आणि फळीवर ज्या पायानं उसळतो त्याच पायावर उतरतो. दुसरा टप्पा घेऊन उतरायचं ते दुसऱ्या पायावर, आणि तिथून शेवटची झेप वाळूत. मधल्या टप्प्यांत पूर्ण वेग एका पायावर येऊन आदळतो. तो भार क्षणभर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त होऊ शकतो. आम्ही इंजिनियर यंत्रसुद्धा थंड असताना एकदम पूर्ण भारावर घेत नाही. स्नायूंचंही तेच आहे.

३ ऑगस्टला अंतिम फेरी होती. रिबेलो पात्रता फेरी पार करून आले होते. त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलेली हकीकत अशी : पहिल्या उडीसाठी ते धावायला निघणार, तेवढ्यात पंचांनी थांबवलं, कारण मैदानात दुसऱ्या एका शर्यतीचा पदक समारंभ सुरू होत होता. तापवलेलं अंग थंड पडेपर्यंत ते उभे राहिले. समारंभ संपला, इशारा झाला, आणि पुन्हा नीट अंग तापवायला वेळ न घेता ते पूर्ण जोरानं धावले. मांडीच्या मागचा स्नायू फाटला आणि ते वाळूत कोसळले. स्पर्धा त्यांच्यापुरती तिथेच संपली. निकालाच्या तक्त्यात त्यांच्या नावासमोर अंतराचा रकाना रिकामा आहे.

आता त्याच तक्त्यातले आकडे बघा. स्वीडनचे आर्ने ओमान, सुवर्ण, १५.४०. ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज एव्हरी, रौप्य, १५.३६. तुर्कस्तानचे रुही सारिआल्प, कांस्य, १५.०२. या ओळींत १५.२९ ठेवलं तर रिबेलो तिसरे येतात. सारिआल्प यांचं ते पदक तुर्कस्तानचं ॲथलेटिक्समधलं पहिलं ऑलिंपिक पदक ठरलं.

मराठी माणसाला इथे खाशाबा आठवणारच. खाशाबा जाधव त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा, लाल मातीत घडलेला हा गडी गादीवरच्या कुस्तीत सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ ला हेलसिंकीत, त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनला रिबेलोंचा पाय शाबूत राहिला असता तर हा मान कदाचित त्यांच्याकडे गेला असता.

'कदाचित' हा शब्द मी मुद्दाम घातला. अमुक झालं असतं तर, हा खेळ आपल्याला फार आवडतो. निजामाच्या बाबतीतही आपण तो रोज खेळतो. पण एका मैदानावर मारलेली उडी दुसऱ्या मैदानावर, ऑलिंपिकच्या दडपणाखाली, तशीच पडेल याची हमी कोण देणार? १५.२९ हा आकडा उचलून वेंब्लीच्या तक्त्यात बसवता येत नाही. मात्र तो रिकामा रकाना म्हणजे शून्यही नव्हे. त्यात एक थांबवलेली धाव आहे, थंड पडलेलं अंग आहे. विजेत्यांची यादी करणाऱ्याला ते दिसत नाही. इतिहास लिहिणाऱ्याला दिसायला हवं.

रिबेलो पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरले नाहीत. भारतीय हवाई दलात ते ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोचले, पुढे क्रीडा प्रशासनातही काम केलं. ऑगस्ट २०१३ मध्ये ८४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या हयातीतच तिहेरी उडीत मोहिंदरसिंग गिल यांनी १९७० च्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं होतं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एल्डोस पॉल १७.०३ मीटर आणि अब्दुल्ला अबूबकर १७.०२ मीटर, अशी दोन्ही वरची पदकं भारताकडे आली. ते बघायला मात्र रिबेलो नव्हते.

मंडळी, आपण आपल्या भागातल्या जुन्या खेळाडूंची यादी करायला घेतली आहे. आबिड्सहून चालत जाण्याच्या अंतरावर फतेह मैदान आहे, निजाम कॉलेजचं मैदान आहे. तिथे खेळलेल्यांची नावं गोळा करताना फक्त चषक मोजू नका. कोण उतरला, कशामुळे थांबला, हेही विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारी माणसं अजून आहेत तोवरच हे काम होण्यासारखं आहे.