कन्फ्यूशस-मंदिरांतील कांस्यपात्रे : ग्रंथप्रामाण्य आणि वस्तुप्रामाण्य

चीनच्या कांस्यकलेचे विवेचन बहुधा शांग आणि चौ या दोन प्राचीन राजवंशांपाशी येऊन थांबते. पुढील काळात, विशेषतः सुंग राजवटीपासून (960–1279), कन्फ्यूशसच्या मंदिरांसाठी जी पात्रे ओतण्यात आली, त्यांची बोळवण ‘अनुकृती’ या एका शब्दाने केली जाते. सौंदर्याच्या कसोटीवर हे मत कदाचित टिकेल; इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ते स्वीकारता येणार नाही. प्राचीनतेचे ज्ञान ग्रंथांवरून करून घ्यावे, की भूमीतून निघालेल्या वस्तूंवरून, या दीर्घकालीन वादाची ही पात्रे म्हणजे धातूत उतरलेली साधने होत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

इ. स. पू. 195 मध्ये हान वंशाच्या संस्थापकाने च्यू-फू येथे कन्फ्यूशसला बली अर्पण केला. पुढे 630 मध्ये थांग सम्राट थाय-त्सुंग याने प्रांतांच्या व जिल्ह्यांच्या शासकीय पाठशाळांतून त्याची मंदिरे उभारण्याची आज्ञा दिली. तेथे वसंत व शरद ऋतूंत ‘शी-त्येन’ हा विधी होत असे आणि त्यात प्रत्येक पदार्थाचे पात्र ठरलेले असे. मद्यासाठी ‘च्युए’ व ‘चुन’, शिजविलेल्या धान्यासाठी ‘फू’ व ‘क्वेइ’, फळे इत्यादी कोरड्या पदार्थांसाठी ‘प्येन’ आणि खारविलेल्या भाज्या व मांस यांसाठी ‘तौ’, अशी ही व्यवस्था होती. ही नावे प्राचीन विधिग्रंथांतून आलेली होती. परंतु ग्रंथांत नाव मिळे, आकार मिळत नसे. आणि मूळ पात्रे व्यवहारातून केव्हाच नाहीशी झाली होती.

ही उणीव भाष्यकारांनी तर्काने भरून काढली. 962 च्या सुमारास न्ये चुंग-ई याने सिद्ध केलेला ‘सान-ली-तू’ हा सचित्र ग्रंथ या परंपरेचा प्रातिनिधिक नमुना होय. ‘च्युए’ या शब्दाचा एक अर्थ चिमणी असा आहे. म्हणून त्यात पाठीवर प्याला वाहणारा पक्षी काढलेला आहे. ‘शी-चुन’ म्हणजे बलीच्या बैलाशी संबंधित मद्यपात्र. म्हणून पोटावर बैलाचे चित्र असलेला घट दाखविला आहे. वस्तुतः तिसऱ्या शतकातच वांग सू याने, जमिनीतून निघालेल्या एका पात्राचा दाखला देऊन, शी-चुन हे बैलाच्याच आकाराचे असते असे प्रतिपादन केले होते. परंतु एका वस्तूच्या साक्षीने भाष्यपरंपरा हलली नाही.

अकराव्या शतकात परिस्थिती पालटली. ठिकठिकाणी सापडलेली प्राचीन पात्रे विद्वानांच्या व राजदरबाराच्या संग्रहांत येऊ लागली. ल्यू ता-लिन याच्या 1092 च्या ‘काओ-कू-तू’ या ग्रंथात अशा दोनशेहून अधिक वस्तूंच्या आकृती व कोरीव लेख आहेत. सम्राट ह्वेइ-त्सुंग (राज्यकाल 1100–1125) याने आपल्या संग्रहाची ‘पो-कू-तू’ ही सचित्र सूची करविली आणि प्रत्यक्ष प्राचीन पात्रांवरून नवी पात्रे ओतविली. 1127 मध्ये जुर्चेनांनी राजधानी खाय-फंग जिंकली व हे वैभव लयास गेले. दक्षिणेकडे हटलेल्या दरबारात पुन्हा न्ये चुंग-ईच्या आकृतींचा आधार घेतला जाऊ लागला. तत्त्वज्ञ चू शी (1130–1200) याने त्यास हरकत घेतली आणि पाठशाळांतील शी-त्येनसाठी ह्वेइ-त्सुंगकालीन आकार प्रमाण मानावेत असा आग्रह धरला. त्याच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या सचित्र विधिपुस्तिकेमुळे तीन पायांचे व पन्हळीसारख्या तोंडाचे च्युए आणि बैलाच्या आकाराचे शी-चुन दूरच्या जिल्ह्यांतील मंदिरांपर्यंत पोहोचले.

तथापि वस्तुप्रामाण्य म्हणजे निर्दोष ज्ञान नव्हे. वस्तूवरील लेखही वाचावा लागतो. गोल, कान असलेल्या धान्यपात्रावरील अक्षर सुंगकालीन पंडितांनी ‘तुई’ असे वाचले आणि ‘क्वेइ’ हे नाव एका लांबट, झाकणाच्या पात्रास दिले. वास्तविक त्या गोल पात्राचेच नाव क्वेइ, आणि लांबट पात्राचे ‘श्यू’. चिंग काळातील (1644–1911) पंडितांनी हे वाचन सुधारले. परंतु मंदिरांतील क्वेइ लांबटच राहिले. अशा पात्रास सदोष नक्कल म्हणून बाजूस सारणे म्हणजे एका विद्वत्परंपरेचा प्रत्यक्ष पुरावाच टाकून देणे होय.

1771 मध्ये सम्राट च्येन-लुंग याने च्यू-फूच्या मंदिरास आपल्या संग्रहातील दहा प्राचीन कांस्यपात्रे अर्पण केली. त्यांत एक शी-चुनही होते. साम्राज्यातील शेकडो पाठशाळांस मात्र अशी पात्रे लाभणे अशक्य होते. तेथे नव्याने ओतलेली पात्रेच विधीत वापरली जात, आणि विधीच्या दृष्टीने त्यांच्यात काही न्यून मानले जात नसे. प्राचीन वस्तूचे वय त्यांस नव्हते. प्राचीनांचा आकार होता, आणि तोच पुरेसा होता.

यावरून अभ्यासाची एक दिशा स्पष्ट होते. मंदिरांसाठी ओतलेल्या अनेक पात्रांवर वर्ष, पाठशाळा व अधिकारी यांचे उल्लेख कोरलेले आढळतात. ते विधिपुस्तिकांतील आकृतींशी ताडून पाहिल्यास कोणते मत केव्हा व कोठवर मान्य झाले, हे ठरविता येईल. शांग-चौ काळाची पात्रे त्या काळाविषयी सांगतात. मंदिरांतील ही पात्रे, पुढील पिढ्यांनी तो काळ कसा जाणला, हे सांगतात. इतिहासलेखनाच्या इतिहासास या दुसऱ्या साक्षीची गरज अधिक आहे.