तात्पर्यनिर्णय : न्यायालयातला आणि मीमांसेतला

वैचारिक गद्याच्या समीक्षेत दोन प्रश्न बहुधा एकत्र विचारले जातात : लेखकाचा दृष्टिकोन कोणता, आणि लेखाचे मुख्य प्रतिपादन कोणते? एकाचे उत्तर सापडले की दुसऱ्याचे आपोआप सापडते, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः हे प्रश्न भिन्न आहेत. प्रतिपादन हे संहितेतील विधानांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध करावे लागते. दृष्टिकोन हा लेखक, विषय आणि वाचक यांच्या नात्यावरून अनुमानाने ठरवावा लागतो. यांपैकी कोणता प्रश्न आधी सोडवायचा, हा क्रमाचा प्रश्न वरकरणी गौण वाटतो. मराठी गद्याच्या इतिहासात या क्रमाची सर्वांत कठोर परीक्षा समीक्षेच्या क्षेत्रात न होता मुंबईच्या उच्च न्यायालयात झाली. ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये चाललेले खटले राजकीय इतिहासात सुपरिचित आहेत; अर्थनिर्णयनाचे प्रसंग म्हणून मात्र त्यांचा विचार फारसा होत नाही.

१५ जून १८९७ च्या ‘केसरी’त दोन मजकूर प्रसिद्ध झाले होते. एक, ‘शिवाजीचे उद्गार’ ही टोपणनावाने छापलेली कविता. दुसरा, पुण्यात झालेल्या शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त. पहिल्यात शिवाजी महाराज जागे होऊन देशाची दशा पाहतात व बोलतात. दुसऱ्यात अफजलखानवधासंबंधी प्रा. चिंतामण गंगाधर भानू यांचे व्याख्यान आणि अध्यक्ष या नात्याने टिळकांनी केलेला समारोप यांचा सारांश होता. निष्काम बुद्धीने केलेल्या कृत्याचा दोष कर्त्याला लागत नाही, असा गीतेचा आधार टिळकांनी त्या समारोपात घेतला होता. एका आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर हत्येच्या चिथावणीचा आरोप नव्हता; आरोप भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ खालील राजद्रोहाचा होता. परंतु त्या आठवड्यानंतर १५ जूनचा अंक कोणालाही १५ जूनच्या डोळ्यांनी वाचता येणे कठीण होते.

या मजकुरात ‘लेखक’ शोधू गेल्यास किमान तीन पातळ्या हाती लागतात. कवितेत बोलणारे एक ऐतिहासिक पात्र आहे आणि त्यामागे टोपणनावाआड असलेला कवी आहे. वृत्तान्तात व्याख्याते आहेत आणि त्यांचे बोलणे सारांशाने मांडणारा वार्ताहर आहे. या सर्वांच्या वर संपादक व प्रकाशक म्हणून टिळक आहेत. साहित्यविचार निवेदक आणि लेखक यांत जो भेद करतो, तो कायद्याला आवश्यक वाटत नाही. त्याला उत्तरदायी व्यक्ती एक असली की पुरते. शिक्षेला पात्र असा कोणी हवा झाला, तेव्हाच संहितांना खऱ्या अर्थाने लेखक लाभू लागले, हे मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडलेले निरीक्षण येथे शब्दशः पडताळून पाहता येते. ‘केसरी’चे अग्रलेख निनावी असत आणि पत्राच्या लेखनात इतरांचाही वाटा असे, १९०८ मध्येही टिळकांनी आपल्या पत्रातील मजकुराची जबाबदारी नाकारली नाही. ‘लेखक टिळक’ ही व्यक्ती अशा रीतीने काही अंशी न्यायालयाने घडविली.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात वाचनपद्धतीचा विचार आहे, हे मान्य केले पाहिजे. सुटे वाक्य न धरता लेख समग्रपणे पाहावा, हेतू शब्दांच्या स्वाभाविक अर्थावरून ठरवावा, आणि मजकूर ज्या वर्गाच्या हाती जातो, ज्या काळात जातो, त्याचाही विचार करावा, असे त्यांचे सांगणे होते. आजच्या परिभाषेत यात संहितानिष्ठा आहे आणि वाचकसापेक्षताही आहे. मात्र ‘अप्रीती’ या कायद्यातील शब्दाचा अर्थ त्यांनी ‘प्रीतीचा अभाव’ इथपर्यंत विस्तारला. त्यामुळे निकष लेखाच्या प्रतिपादनाकडून लेखकाच्या भावस्थितीकडे सरकला. लेख काय सिद्ध करू पाहतो, याऐवजी लेखकाच्या मनात सरकारविषयी काय आहे, हा प्रश्न पुढे आला. शिवाय ज्या वाचकाचा विचार करायचा तो मराठी वाचक होता, आणि त्याच्या मनावरील परिणामाची कल्पना ज्यूरीला करायची होती ती इंग्रजी भाषांतरावरून. ज्यूरीचे मत सहा विरुद्ध तीन असे पडले. दोषी ठरविणारे सहाही युरोपीय होते. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढील वर्षी कलम १२४-अ मध्ये दुरुस्ती होऊन ‘अप्रीती’त राजनिष्ठेचा अभाव व शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असे स्पष्ट करण्यात आले.

१९०८ मधला प्रश्न अधिक सूक्ष्म होता, कारण या वेळी संहितेत पात्र नव्हते, वृत्तान्त नव्हता. सरळ युक्तिवाद होता. ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला व दोन इंग्रज स्त्रिया मृत्यू पावल्या. ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख १२ मे रोजी आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा ९ जून रोजी प्रसिद्ध झाला. दुसऱ्या लेखाच्या आदल्याच दिवशी स्फोटक पदार्थांविषयीचा आणि वृत्तपत्रांविषयीचा असे दोन कायदे संमत झाले होते. या लेखांची रचना दुपेडी आहे. बाँबचा मार्ग देशात अवतरला याबद्दल खेद आहे. तो का अवतरला याची मीमांसा आहे, आणि त्या मीमांसेत राज्यकर्त्यांच्या हट्टाला कारण ठरविले आहे. फिर्यादी पक्षाच्या वाचनात खेद हा पडदा ठरला आणि कारणमीमांसा हे समर्थन ठरले. टिळकांच्या वाचनात कारणमीमांसा हा हेतू होता आणि दडपशाहीने रोग बरा होणार नाही, हा सरकारला दिलेला सल्ला हे मुख्य प्रतिपादन होते.

टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. त्यांचे भाषण एकंदर एकवीस तासांहून अधिक चालले. त्यातील वाङ्मयीन महत्त्वाचे मुद्दे तीन. पहिला भाषांतराचा. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी करून त्यांनी शब्दामागून शब्द तपासले. इंग्रजी राजकीय चर्चेतील कल्पना मराठीत आणताना लेखकाला भाषेत असलेले जुनेच शब्द वापरावे लागतात. ते शब्द कोशाच्या आधाराने पुन्हा इंग्रजीत नेले, की मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी तीव्र होऊन बसतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. दुसरा मुद्दा प्रसंगाचा. हे लेख एका चालू वादातील उत्तरे आहेत. अँग्लो-इंडियन पत्रांनी जे लिहिले, ते समोर ठेवल्याखेरीज उत्तराचा अर्थ कळणार नाही. तिसरा मुद्दा हेतू आणि परिणाम यांतील अंतराचा. लेखनाचा एखादा परिणाम संभवतो एवढ्यावरून तोच लेखकाचा हेतू होता, असे ठरत नाही.

न्यायमूर्ती दावर यांच्यासमोरील ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. मराठी लेखांचा निर्णय मराठी न जाणणाऱ्यांनी करावयाचा, ही विसंगती टिळकांनी निदर्शनास आणली होती. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा व हजार रुपये दंड झाला. लेखाचे मुख्य प्रतिपादन कोणते, या प्रश्नाच्या एका उत्तराची ही किंमत होती.

ही शिक्षा भोगत असताना मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ‘विषयप्रवेश’ या पहिल्या प्रकरणातच ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, याचा ऊहापोह आहे. तेथे टिळकांनी मीमांसकांची परंपरागत कसोटी पुढे केली : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. आरंभ आणि शेवट कशाने झाला; कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली; नवे काय सांगितले; परिणाम काय झाला; कोणता भाग केवळ स्तुती-निंदा किंवा दृष्टान्त म्हणून आला; आणि कोणत्या युक्तिवादाने मुख्य गोष्ट सिद्ध केली, हे पाहून मग तात्पर्य सांगावे. खटल्याचा अनुभव आणि या प्रकरणाची योजना यांत कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याची गरज नाही. कायद्याचे पदवीधर आणि संस्कृतज्ञ असलेल्या टिळकांना ही कसोटी खटल्यापूर्वीही ठाऊक असणारच. महत्त्वाचे आहे ते हे, की ज्यांच्या लेखांचे तात्पर्य इतरांनी ठरविले होते, त्यांनीच तात्पर्यनिर्णयाची पद्धत मराठी वाचकांपुढे ठेवली.

ही पद्धत न्यायालयातील वाचनाला लावून पाहिली, की फरक स्पष्ट होतो. मीमांसेत अर्थवाद हा विधीच्या अधीन असतो. स्तुतीचे वाक्य स्वतंत्रपणे आज्ञा देत नाही. १८९७ च्या वृत्तान्तातील अफजलखानवधाची चर्चा एका ऐतिहासिक आक्षेपाचे उत्तर होती. फिर्यादी वाचनाने तिला विधीचे स्थान दिले. १९०८ मधील दुसऱ्या लेखाचे शीर्षकच सरकारी उपायांसंबंधी आहे. उपक्रम तोच आहे. बाँबसंबंधीची वाक्ये त्या प्रतिपादनाची उपपत्ती म्हणून येतात. उपपत्तीलाच फल समजणे, ही मीमांसेच्या दृष्टीने क्रमाची चूक ठरते. आधी लेखकाचा दृष्टिकोन ठरला, मग त्याच्या प्रकाशात वाक्यांना स्थान मिळाले. शास्त्रीय लेखनात पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडण्याची रीत आहे आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’पासून मराठी निबंधाने ती जोपासली आहे. त्या रीतीशी अपरिचित वाचकाला मांडलेला प्रत्येक पक्ष लेखकाचाच वाटतो.

तरीही मीमांसेची कसोटी निर्णायक आहे, असा निष्कर्ष उतावीळपणाचा होईल. ती मूलतः अपौरुषेय मानलेल्या संहितेसाठी सिद्ध झाली. तिच्यात वक्त्याच्या परिस्थितीला जागा नाही. वृत्तपत्रातील लेख हा तारीख असलेला मजकूर असतो. ८ जूनचे कायदे आणि अँग्लो-इंडियन पत्रांचे लेखन वगळून ९ जूनचा लेख वाचता येत नाही, हे खुद्द टिळकांचेच म्हणणे होते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. गीतेचे भाष्यकार आपला सांप्रदायिक सिद्धान्त आधी निश्चित करून ग्रंथ त्याला जुळवून घेतात, असा टिळकांचा आक्षेप होता; कर्मयोगपर अर्थ लावणाऱ्या टिळकांवर प्रतिपक्षानेही तोच आक्षेप घेतला. तीच लिंगे हाती असताना ज्ञानपर, भक्तिपर आणि कर्मपर अशी तीन तात्पर्ये निघू शकतात. म्हणजे लिंगे निर्णय देत नाहीत. निर्णयाची कारणे उघड करायला लावतात. तात्पर्य सांगणाऱ्याला आपण कोणते वाक्य मुख्य व कोणते गौण मानले, आणि का, हे दाखवावे लागते. मग त्याच्याशी वाद करता येतो. केवळ हेतूवर बोट ठेवणाऱ्या वाचनाशी वाद करणे शक्य नसते.

१९१६ मधील प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून टिळकांकडून मोठ्या रकमेचा जामीन मागण्यात आला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती बॅचेलर व शहा यांच्यापुढेही मराठी भाषणे भाषांतरातूनच आली होती. भाषणांत आक्षेपार्ह वाटणारी वाक्ये नव्हती असेही नाही. परंतु सुट्या वाक्यांऐवजी भाषणांचा एकंदर रोख काय, हे येथे पाहण्यात आले. राज्यकारभाराचे अधिकार लोकांकडे यावेत, हे मुख्य प्रतिपादन आधी निश्चित झाले आणि कठोर वाक्यांना त्याच्या अनुषंगाने स्थान मिळाले. समग्र वाचनाचे जे तत्त्व स्ट्रेची यांनी उच्चारले होते, ते येथे आचरले गेले. वक्ता तोच होता, भाषांतराचा अडसर तोच होता. बदलला तो क्रम.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कलम १२४-अ इतिहासजमा झाले. शब्दांवरून हेतू ठरविण्याचा प्रश्न मात्र नव्या संहितेच्या कलम १५२ मध्येही कायम आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या खटल्यांतून घेण्यासारखा धडा कायद्याचा नाही, पद्धतीचा आहे. गद्य उतारा समोर आला की लेखक पुरोगामी की सनातनी, राष्ट्रवादी की राजनिष्ठ, हे आधी ठरवून मग त्याच्या वाक्यांचा अन्वय लावण्याची सवय अध्यापनातही रूढ आहे. प्रथम वाक्याचे लेखातील कार्य, मग कार्यांच्या उतरंडीवरून प्रतिपादन, मग प्रसंग व वाचक यांच्या साहाय्याने दृष्टिकोन, आणि प्रत्येक पायरीवर मूळ भाषेचा आधार, हा क्रम संथ आहे. तो पाळूनही मतभेद उरतील. ते कोणत्या वाक्यापाशी सुरू होतात, हे मात्र दोन्ही पक्षांना दाखविता येईल.