बदललेला चेहरा

आम्हा शेगावकरांना परगावची माणसं पाहायची रोजची सवय. पण पाहणं वेगळं आणि ओळखणं वेगळं.

आयर्लंडचा चार्ल्स बर्न १७८२ साली लंडनला आला. साडेसात फुटांहून उंच! लोक पैसे मोजून त्याला पाहत. १७८३ मध्ये, २२व्या वर्षी तो वारला. आपला देह समुद्रात सोडावा, डॉक्टरांच्या हाती पडू नये, ही त्याची इच्छा. जॉन हंटर या शल्यविशारदाने पैसे चारून तो मिळवला. सांगाडा संग्रहालयात उभा राहिला.

१८८६ साली पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी एका आजाराला ‘अ‍ॅक्रोमेगाली’ नाव दिलं. त्यात नाक, ओठ, जबडा, पंजे वाढतात. कातडी जाड, तेलकट होते. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग यांनी बर्नची कवटी उघडवून पाहिली. मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीची खोबण रुंदावलेली होती. तिथली गाठ वाढीचं संप्रेरक जास्त सोडते. वाढत्या वयात उंची वाढते, पुढे चेहरा बदलतो. लोकांना जी गंमत वाटली, ते दुखणं होतं! २०२३ साली सांगाडा प्रदर्शनातून काढला.

हा बदल इतका सावकाश होतो, की रोज पाहणाऱ्या घरच्यांना कळत नाही. म्हणून डॉक्टर जुने फोटो मागतात. अंगठी रुतू लागली, चपलेचा नंबर वाढला, तर लग्नाचा अल्बम काढा आणि डॉक्टरांकडे जा.